तंग आवळताना: किनाऱ्यावरच्या एका घोडेवाल्याचं प्रकरण

अलिबाग आणि मुरूडच्या मधल्या पट्ट्यातला हा घोडेवाला. वय चाळिशीच्या आसपास, शिक्षण दहावीपर्यंत, घरी आई, बायको आणि दोन शाळकरी मुलं. पर्यटकांना किनाऱ्यावर फेरी मारून आणायची हा धंदा वडिलांपासूनचा. ओळख पटू नये म्हणून गाव सांगितलेलं नाही आणि दोन-तीन जणांच्या हकिगतींतले तपशील एकत्र केले आहेत. घोड्यांची नावंही बदलली आहेत, कारण किनाऱ्यावर मालकाच्या नावापेक्षा घोड्याचं नाव जास्त लोकांना ठाऊक असतं.

तो दवाखान्यात आला तो छातीसाठी. छातीत धरल्यासारखं होतं, पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. ईसीजी ठीक निघाला, रक्तदाब जरा चढलेला. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याला समुपदेशनाच्या खोलीत माझ्याकडे पाठवलं. कधीपासून होतंय, असं विचारल्यावर म्हणाला, "सीझनपासून." सीझनला काय झालं? "काय नाय मॅडम. सीझन खराब गेला." बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, "घोडी गेली ती सांगा ना."

तो काही बोलला नाही. शिमगा होऊन गेला होता आणि घोडी गेली होती नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी. मधल्या काळात घरात या विषयावर बोलणं झालं ते फक्त पैशांचं.

घोडी

लाली कुमैत रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, वय सतराच्या पुढे. वडिलांनी घेतलेली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि किनारे ओस पडले. फेऱ्या बंद, पण घोड्याचं पोट बंद होत नाही. हरभरा आणि गव्हाचा कोंडा उधारीवर, बाकी पेंढ्यावर भागवायचं. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं आणि तबेल्याचे पत्रे उडाले. त्या दिवशी घोडीला घराच्या पडवीत बांधून तो तिच्या मानेला धरून उभा होता. हे सगळं सांगताना तो सहज बोलत होता, थोडा हसलाही. संकटाचे दिवस त्याला जड गेले नव्हते. जड गेली ती एकच रात्र.

फेरीच्या धंद्यात माणूस घोड्यावर बसत नाही, दोरी धरून बाजूने चालतो. सकाळी आणि संध्याकाळी, ओल्या वाळूवरून, तीच वाट. दिवसातले जितके तास तो घोडीच्या खांद्याला खांदा लावून चालत असे तितके घरातल्या कुणाजवळ बसत नसे. वर बसलेलं पोर एका बाजूला कलंडायला लागलं की लाली आपणहून थांबायची. ती थांबली की तो मागे न बघताच हात वर करायचा आणि पोराला सरळ बसवायचा. दोघांच्या मध्ये दीड-दोन हात दोरी, आणि बरीचशी समजूत त्या दोरीतूनच जायची.

इथे एक मोह होतो. घोडी वडिलांनी घेतलेली, वडील वारलेले, म्हणजे हा शोक खरं तर वडिलांचा, असं लिहून मोकळं व्हावं. मी त्याला तसं विचारलंही. त्याने मान हलवली. "बाबांचं वेगळं. बाबांना आम्ही सगळे होतो, दवाखाना होता. हिला मीच होतो."

ती रात्र

३१ डिसेंबरला किनारा माणसांनी भरलेला असतो आणि वर्षाची चांगली कमाई त्या आठवड्यात होते. लाली दुपारपासून मलूल होती. संध्याकाळी तिने कोंड्याला तोंड लावलं नाही. मग पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, वळून वळून पोटाकडे बघायला लागली, बसायची, उठायची, लोळायची. पोटशूळ आहे हे त्याने ओळखलं. ओवा-हिंगाचं पाणी पाजलं, लोळू नये म्हणून दोरी धरून चालवत राहिला. फोन लागत नव्हते. लागले तेव्हा पशुवैद्यक दुसऱ्या गावात एका गायीच्या अडलेल्या वितीला गेलेले.

ते पहाटे पोचले. घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असते. तिची नव्वदीवर गेली होती. हिरड्या गुलाबीऐवजी काळपट लाल. पोटाला कान लावला तर आतड्यांचा आवाज नाही. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात कोंडलेलं वर यायला वाटच नसते. नाकातून नळी घालून ते काढावं लागतं. तेही केलं. दुखणं थांबवण्याचं इंजेक्शन दिलं, त्याचा असर तासाभरातच उतरला. अशा घोड्याला वाचवायचं तर पोट उघडून शस्त्रक्रिया. तिची सोय गावात नसते, तालुक्यातही नसते. मुंबईला परळच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत न्यायचं म्हटलं तरी आधी तिला गाडीत चढवायला हवं, आणि ती पायांवर उभी राहत नव्हती.

पशुवैद्यकांनी दयामरणाचं सुचवलं. तो बराच वेळ हो-नाही करत राहिला. शेवटी कागदावर सही केली आणि इंजेक्शन देताना दोरी त्यानेच धरली. नंतर जेसीबी बोलावून घराच्या मागच्या वाडीत खड्डा काढला. भाडं दुसऱ्या घोडेवाल्याने दिलं. त्या दिवशी किनाऱ्यावर तुफान गर्दी होती.

शेणाचा एक गोळा पशुवैद्यकांनी पाणी भरलेल्या हातमोज्यात विरघळवून टांगून ठेवला होता. थोड्या वेळाने बोटांच्या टोकांत वाळू बसली. किनाऱ्यावरच्या घोड्यांत हे नवं नाही. खाणं वाळूवर टाकलं की दाण्याबरोबर वाळू पोटात जाते, मोठ्या आतड्यात महिनोन्महिने साठत राहते आणि एखाद्या दिवशी वाट अडवते. लालीचा तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, दिवाळीच्या आसपास फाटला होता. शिवून घ्यायचा राहिला. गर्दीच्या दिवसांत दोन फेऱ्यांच्या मध्ये तो कोंडा सुरूच्या झाडाखाली पोत्यावर टाकायचा. पोतं लहान, घोडीचं तोंड मोठं.

म्हणजे त्याच्या मनात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या: वाळू माझ्यामुळे गेली, आणि सही माझी आहे. पहिल्याच भेटीत हे वाक्य तीन वेगवेगळ्या संदर्भांत आलं. सही माझी आहे.

शोक, पण कुणाच्या लेखी नाही

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाबद्दल मांडणी केली, ज्याला समाज शोक म्हणून मोजत नाही. सुतक नाही, दहावं-तेरावं नाही, भेटायला कुणी येत नाही, रजा घेण्याचा प्रश्नच नाही. पाळीव कुत्रं गेलं तर शहरात हल्ली चार माणसं विचारपूस करतात. कामाच्या जनावराचं तसं नाही. ते गेलं की लोक नुकसान किती झालं ते विचारतात. आईने विचारलं, भावाने विचारलं, सावकाराने तर विचारलंच. या विचारण्यात दुष्टपणा नव्हता, आणि नुकसान खरंच मोठं होतं. पण 'नुकसान' या एका खान्यात सगळं बसवल्यावर माणसाला रडायला जागा उरत नाही.

कामाच्या जनावराशी असलेलं नातं समजून घेताना आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक, जनावर म्हणजे हत्यार. दोन, जनावर म्हणजे लेकरू. लाली यातलं काहीच नव्हती. ती त्याच्याबरोबर काम करणारी होती. तिच्या पाठीला फोड आला की त्याची कमाई बुडायची आणि त्याला वाईटही वाटायचं, आणि या दोन भावना त्याला कधी वेगळ्या काढाव्या लागल्या नव्हत्या. ती गेल्यावर लोकांनी त्या वेगळ्या काढल्या, एक ठेवली आणि दुसरी टाकून दिली.

नैराश्याची पातळी बघायला आम्ही नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतो. एकूण गुण २७. त्याचे १६ आले. पंधराच्या वर गेलं की नुसत्या गप्पांवर भागवू नये असा साधारण संकेत आहे. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्यावर तो म्हणाला, "कधी कधी वाटतं." असं उत्तर आलं की पुढचे प्रश्न थेट विचारायचे: कसं, कधी, घरात काय आहे. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. ठरवलेलं काही नव्हतं. पण घरात आंब्याच्या फवारणीचं औषध होतं आणि संध्याकाळी दारू होती. औषध त्याच दिवशी मेव्हण्याने आपल्या घरी नेलं. बायकोच्या मोबाइलमध्ये १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक भरून दिला. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी गोळ्या सुरू केल्या. हा भाग मी भराभर लिहिते आहे, कारण तो कुठल्याही प्रकरणात असाच असतो.

दुसरा घोडा

वेगळा भाग पुढे आहे. लालीच्या जोडीला त्याने दिवाळीच्या आधी हातउसने पैसे घेऊन एक तरुण घोडा घेतला होता, बादल. डिसेंबरपर्यंत बरा चालायचा. जानेवारीनंतर बिघडला. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की कान मागे टाकायचा, चावायला यायचा. मान वर काढून चालायचा. एकदा लाटेचा फेस पायाशी आला तर असा बुजला की वरचा पर्यटक वाळूत पडला. लागलं नाही, पण बोभाटा झाला. किनाऱ्यावरचे म्हणायला लागले की घोडीचं याच्यावर आलंय, नजर लागलीय, भगताला दाखव.

घरच्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. मला त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. उलट गुरवाने मोठ्याने "घोडी गेली, घरावर दुःख आलं" असं म्हटलं तेव्हा ती गोष्ट चार लोकांत पहिल्यांदा दुःख म्हणून बोलली गेली. हे काम आमच्या खोलीत झालं नव्हतं.

बादलच्या वागण्याचं स्पष्टीकरण मानसशास्त्रात तयार आहे, आणि ते खोटंही नाही. घोडा हे शिकार होणारं जनावर; आजूबाजूच्या अंगांतला ताण टिपण्यावर त्याचं जगणं उभं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं की त्याला गणित येत नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीकशी हालचाल त्याला कळायची. २००९ मध्ये स्वीडनमधल्या लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. घोडा घेऊन चालणाऱ्यांना आणि घोड्यावर बसलेल्यांना सांगितलं की या फेरीत समोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं त्या घोड्यांचेही वाढले. २०१६ मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना माणसांचे रागीट आणि हसरे चेहरे फोटोत दाखवले, तर रागीट चेहऱ्याकडे ते डावा डोळा करून बघत आणि त्यांचे ठोके लवकर चढत.

तेव्हा मालक आतून आवळलेला म्हणून घोडा बुजरा, असं जुळवून टाकणं सोपं होतं. 'घोडा म्हणजे मालकाचा आरसा' अशी वाक्यं या विषयावर फार लवकर सुचतात. मला त्यांची धास्ती वाटते, कारण ती खरी असली तरी त्यांच्या आड जनावराचं दुखणं लपतं. म्हणून मनाकडे जाण्याआधी पशुवैद्यकांना घोडा बघायला सांगितला.

त्यांनी खोगीर उतरवलं. खांद्यांच्या मधल्या उंचवट्यावर केस गेलेले, कातडी सोललेली, दाबलं की घोडा पाठ खाली घालायचा. तंगाच्या जागीही घासलेलं. खोगीर लालीचं होतं. ती पाठीने रुंद, हा अरुंद आणि उंच. ते खोगीर त्याच्यावर पुढे घसरून हाडावर बसायचं. डिसेंबरपर्यंत बादलचं स्वतःचं खोगीर होतं, जुनं पण बसणारं. जानेवारीत मालकाने ते विकून टाकलं आणि लालीचं घातलं. का, असं विचारल्यावर त्याला सांगता येईना. बायको म्हणाली, "तिचं खोगीर रिकामं बघवत नव्हतं."

घोड्याच्या बिघडण्यात शोक होता, पण लोक म्हणत होते त्या वाटेने आलेला नव्हता. तो चामड्याच्या आणि लाकडाच्या वाटेने घोड्याच्या पाठीवर पोचला होता. वर मालकाचा ताण होताच. तंग आवळताना तो श्वास धरायचा आणि हिसका द्यायचा. दुखणाऱ्या पाठीच्या घोड्याला एवढं पुरतं.

काय केलं

पाठ भरून येईपर्यंत खोगीर बंद. धंद्याच्या दृष्टीने हे कठीण होतं. उन्हाळी सुट्टी तोंडावर आलेली. त्या काळात तो दुसऱ्याच्या घोडागाडीवर रोजाने गेला.

बादलचं काम मात्र रोज ठेवलं: सकाळी खरारा, खूर उचलून साफ करणं, ओहोटीला ओल्या वाळूवरून नुसतं दोरीने चालवणं. नैराश्यात काहीतरी ठरलेल्या वेळी करायला लावतात, मग बरं वाटो न वाटो. इथे वेगळं काही शोधावं लागलं नाही. घोड्याचं पोट आणि भरती-ओहोटी दोन्ही वेळेवर चालतात. फक्त ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे वेळापत्रक त्यानेच लावावं असं ठरलं आणि ते त्याला आवडलं. खरारा करताना श्वास सोडत हात फिरवायचा, एवढंच मी सुचवलं. तो म्हणाला की बाबा तोंडाने हलकी शीळ घालायचे खरारा करताना. मग शीळच घाल, म्हटलं. शीळ घालताना श्वास धरून ठेवता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाची बैठक पशुवैद्यकांबरोबरची. तिघे बसलो आणि त्यांनी ती रात्र पहिल्यापासून सांगितली: नाडी किती, हिरड्यांचा रंग म्हणजे काय, दुखण्याचं औषध तासात उतरलं याचा अर्थ काय, सही आधी केली असती तर काय आणि केलीच नसती तर पुढचे काही तास तिचे कसे गेले असते. "तुझा काही दोष नाही" असं कुणी म्हटलं नाही. वाळूचा प्रश्न खरा होता आणि तो त्याला आमच्याइतकाच कळत होता. खोटा दिलासा त्याने लगेच ओळखला असता. पण वाळू एका फाटक्या तोबऱ्याने दोन महिन्यांत जमली असेल असं पशुवैद्यकांना वाटत नव्हतं, ती वर्षानुवर्षांची असावी. आणि सहीने घोडी मेली नव्हती, तिचं मरणं आखूड झालं होतं. हे तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच विचारलं, "तिला कळलं का, दोरी कोणी धरलीय?" पशुवैद्यक म्हणाले, "वास कळला असेल." मी यात भर घातली नाही.

त्या बैठकीत दुसरी एक गोष्ट घडली. पशुवैद्यकांनी सांगितलं की त्या सकाळी घरी जाऊन त्यांनाही जेवण गेलं नव्हतं, आणि लगेच दुपारी शेळ्यांचं लसीकरण होतं. जनावरांच्या दवाखान्यात जीव वाचवणं आणि जीव संपवणं एकाच हाताने, एकाच दिवशी करावं लागतं. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत आत्महत्येचं प्रमाण पुरुष पशुवैद्यकांत २.१ पट आणि महिलांत ३.५ पट आढळलं. ते आकडे तिकडचे आहेत, इथे तसेच चिकटवता येणार नाहीत. पण गावोगाव एकट्याने फिरणाऱ्या पशुवैद्यकाला आणि पशुधन पर्यवेक्षकाला असं इंजेक्शन दिल्यावर कुणाशी बोलायचं याची काही सोय आपल्याकडे दिसत नाही. या प्रकरणात घोडेवाल्याने ते ऐकून चहा मागवला. उपचाराच्या नोंदीत हे कुठे लिहायचं मला सुचलं नाही, म्हणून इथे लिहिते.

वाळूसाठी जे करायचं ते साधं आहे. नवीन कॅनव्हासचा तोबरा. किनाऱ्यावर नेण्याआधी घरी पोटभर गवत, म्हणजे भुकेने वाळू चघळणं कमी. गवत जमिनीवर न टाकता घमेल्यात, घमेल्याखाली रबरी चटई. महिन्यातून एकदा शेण पाण्यात विरघळवून बघायचं, प्लास्टिकची पिशवी चालते. वाळू दिसली तर इसबगोल, पण किती आणि किती दिवस ते पशुवैद्यकांना विचारून. त्याने हे बाकीच्या घोडेवाल्यांना दाखवलं. एका घोड्याच्या पिशवीत बोटभर वाळू बसली तेव्हा जमलेले सगळे गप्प झाले, असं तो जरा अभिमानाने सांगत होता.

मधेच एका हॉटेलवाल्याने त्याला विचारलं होतं की शहरातल्या लोकांसाठी 'घोड्याच्या सहवासात ताणमुक्ती' असं सकाळचं सत्र ठेवू या का. घोड्याच्या साहाय्याने उपचार ही कल्पना पोकळ नाही. पोलिओने गुडघ्याखालचे पाय अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं आणि तिथून या उपचाराकडे जगाचं लक्ष वळलं. मनाच्या आजारांत त्याचा किती उपयोग होतो याचे पुरावे मात्र अजून तोकडेच आहेत. माझा आक्षेप वेगळा होता: पाहुणा ताण सोडून जाणार, तो दिवसभर पेलणार घोडा आणि दोरी धरणारा. त्याने नाही म्हटलं, आणि कारण माझ्यापेक्षा सरळ दिलं. "पाठ भरलेली नाय अजून."

सध्याची स्थिती

पावसाळ्यात किनारा बंदच असतो. गणपतीच्या आधीच्या भेटीत पीएचक्यू-९ चे गुण ७ होते. झोप बरी, पहाटे जाग येते पण तबेल्यात फेरी मारून पुन्हा झोपतो. दारू बंद नाही. कमी आहे, आणि बायकोच्या मते 'कमी' म्हणजे किती यावर वाद आहे. गोळ्या मनोविकारतज्ज्ञांनी आणखी काही महिने चालू ठेवायला सांगितल्या आहेत आणि त्या मधेच सोडू नयेत हे दोघांनाही बजावलं आहे. हातउसने पैसे पूर्ण फिटलेले नाहीत. छातीत धरतं ते आता फक्त सावकाराचा फोन आला की, असं तो म्हणाला. त्या त्रासाला समुपदेशनाची गरज नाही, हप्ते पाडून घेण्याची आहे. त्यासाठी पतसंस्थेत कागद दिले आहेत.

बादलची पाठ भरली. त्याला मापाचं खोगीर केलं, एक जुनं खोगीर उसवून खाली नव्याने नमदा (लोकरीचा जाड थर) भरून. तंग तो आता दोन टप्प्यांत आवळतो: आधी सैल, मग चार पावलं चालवून पुन्हा. कान मागे जातात अजून, पण चावायला येत नाही. लालीचं खोगीर विकायचं की ठेवायचं हे ठरलेलं नाही आणि मी ते विचारत नाही.

पुढची भेट दिवाळीनंतर, सीझन लागल्यावर. ३१ डिसेंबरच्या आठवड्यात किनाऱ्यावर फेऱ्यांमागे फेऱ्या असतील आणि कोंडा पोत्यावर टाकायची घाई पुन्हा येईल. त्या आठवड्यासाठी शेजारचा घोडेवाला आणि हा, दोघांनी मिळून एक पोरगा घोड्यांच्या खाण्यापिण्यावर ठेवायचं बोलणं चालू आहे. त्याचा रोज कोणी द्यायचा, यावर अडलं आहे.